कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच: तिकीट काढण्यापासून खेळ कळण्यापर्यंत

ऑगस्ट संपत आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "ताई, शनिवारी बस दुसरीकडून का वळवलीये आणि सगळे पिवळे टीशर्ट घालून कुठे चाललेत?" पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून नुकतीच मास्टर्सला आलेली मुलं असतात ही. मी अ‍ॅन आर्बरबद्दल बोलतेय, अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीचं गाव. मग कुणीतरी त्यांना अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला घेऊन जातं आणि बरीचशी हाफटाइमला परत येतात, कारण काही कळत नाही, दर पाच सेकंदांनी माणसांचा ढीग पडतो आणि परत सगळे उभे राहतात. मीसुद्धा पहिल्या वर्षी अशीच उठून आले होते. तेव्हा शेजारी बसून दहा मिनिटं कुणी नीट सांगितलं असतं तर मी आले नसते, म्हणून हे सगळं लिहितेय, जरा लांब झालंय पण एकदा वाचून जा.

आधी मॅच निवडा

सीझन ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, प्रत्येक टीमच्या साधारण १२ मॅचेस, त्यातल्या सहा-सात आपल्या गावात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरमधली मॅच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. हवा चांगली असते, समोर बऱ्याचदा छोट्या कॉलेजची टीम असते त्यामुळे तिकीट स्वस्त मिळतं आणि गर्दीतही जरा मोकळेपणा असतो. छोटी टीम म्हणजे कंटाळवाणी मॅच असं मात्र धरून चालू नका. १ सप्टेंबर २००७ ला अ‍ॅपलाचियन स्टेट नावाचं नॉर्थ कॅरोलायनातलं कॉलेज इथे आलं, ते खालच्या डिव्हिजनमधलं आणि मिशिगन देशात पाचव्या नंबरवर, आणि ते ३४-३२ ने जिंकून गेले, शेवटच्या सेकंदांत मिशिगनची किक अडवून. इथले जुने लोक अजून तो विषय निघाला की गप्प होतात.

ओहायो स्टेटविरुद्धची मॅच नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते, तिला इथे नुसतं "द गेम" म्हणतात, ही दुश्मनी १८९७ पासूनची. ती पहिलीच मॅच म्हणून घेऊ नका. तिकीट प्रचंड महाग, थंडी कडाक्याची, आणि आजूबाजूचे लोक इतके टेन्शनमध्ये असतात की तुम्ही काही विचारलं तर उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नसतात.

विद्यार्थी असाल तर स्टुडंट तिकीट घ्या, पण ते आधी, उन्हाळ्यातच निघतं, त्यामुळे युनिव्हर्सिटीचे ईमेल न वाचता डिलीट करू नका. दुसऱ्याचं स्टुडंट तिकीट विकत घेत असाल तर ते बाहेरच्या माणसाला चालतं का की वर पैसे भरून बदलून घ्यावं लागतं, हे आधी विचारा. तिकीट मोबाइलवरच असतं, बऱ्याच ठिकाणी बारकोड सारखा बदलत राहतो म्हणून स्क्रीनशॉट चालत नाही, तर "पैसे पाठव, मी स्क्रीनशॉट देतो" म्हणणाऱ्या माणसाकडून घेऊच नका. आणि घरून निघायच्या आधी तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये सेव्ह करा, लाखभर माणसं एका जागी आली की नेटवर्क मान टाकतं.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. तारीख खूप आधी ठरते पण मॅच दुपारी १२ ला, साडेतीनला की संध्याकाळी साडेसातला हे टीव्ही चॅनेल ठरवतात, आणि बऱ्याच मॅचेसचं ते १२ दिवस आधी, कधी तर फक्त सहा दिवस आधी कळतं. मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांना मी दरवर्षी हात जोडून सांगते, सप्टेंबरमधल्या शनिवारचा हॉल बुक करण्याआधी होम मॅचेसची यादी बघा. नाहीतर पाहुणे आरतीच्या वेळेला हायवेवरच अडकलेले असतात आणि पार्किंगला चौपट पैसे जातात.

खेळ समजून घ्या, इथे वेळ द्या

मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. दोन्हीकडे ११ माणसं. बॉल समोरच्याच्या एंड झोनमध्ये न्यायचा, इतकंच काम. आता मुख्य नियम, हा एकच पाठ केला तरी अर्धी मॅच कळते: ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचंय. प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की परत नवीन चार प्रयत्न. नाही झाले तर बॉल समोरच्यांना.

बोर्डवर लिहिलेलं असतं ३ आणि ७, म्हणजे तिसरा प्रयत्न चालू आहे आणि अजून सात यार्ड हवेत. माझे बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना हे मी कबड्डीवरून सांगितलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय असते ना, पॉइंट आणायलाच लागतो, तसं हे. त्यानंतर त्यांनी मला मॅचभर काही विचारलं नाही, फक्त प्रत्येक तिसऱ्या डाउनला खुर्चीच्या टोकावर येऊन बसायचे.

फरक इतकाच की इथे खरी डू ऑर डाय चौथी असते, पण चौथ्या डाउनला बहुतेक वेळा टीम जुगार खेळत नाही. तीन रस्ते असतात. गोलपोस्ट, म्हणजे एंड झोनच्या मागचे उंच खांब, पुरेसे जवळ असतील तर त्यांच्या मधून किक मारून तीन पॉइंट घ्यायचे. लांब असेल तर पंट, म्हणजे बॉल पायाने लांब उडवून समोरच्यांना द्यायचा, जेणेकरून त्यांना मागून सुरुवात करावी लागेल. आणि तिसरा रस्ता म्हणजे उरलेले यार्ड मिळवायला जायचंच. तिसरा रस्ता निवडला की सगळं स्टेडियम उभं राहतं, तेव्हा तुम्हीही उभे राहा. म्हणजे तिसरं डाउन हुकलं की पुढे काय होणार याचा अंदाज तुम्ही स्वतः बांधू शकता, आणि तिथून मजा यायला लागते.

टीव्हीवर दहा यार्ड कुठे संपतात ते पिवळ्या रेषेने दाखवतात. ती रेषा मैदानावर नसते! कॉम्प्युटरने फक्त टीव्हीवर काढलेली असते. माझा पहिल्या मॅचमधला निम्मा गोंधळ यामुळेच झाला होता. स्टेडियममध्ये मैदानाच्या कडेला बघा, केशरी रंगाच्या दोन काठ्या घेऊन माणसं उभी असतात, मध्ये दहा यार्डांची साखळी. पुढची काठी म्हणजे तुमची पिवळी रेषा. कधी कधी इतकं जवळ पडतं की साखळी मैदानात आणून मोजतात. साखळी ताणली जाते, रेफ्री वाकून बघतो, बॉलचं टोक काठीच्या एक बोट अलीकडे की पलीकडे, आणि लाख माणसं श्वास धरून बसलेली. रेफ्रीने ताठ हात करून पुढची दिशा दाखवली की फर्स्ट डाउन, म्हणजे नवीन चार प्रयत्न मिळाले.

बॉल शोधत बसू नका

ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. नवीन माणूस बॉल शोधतो, बॉल दिसत नाही, कारण तो लपवणं हेच त्यांचं काम असतं. तुम्ही बॉलपाशी ओळीत उभी असलेली पाच जाड माणसं बघा, त्यांच्या जर्सीवर ५० ते ७९ मधले नंबर असतात. ही ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर बॉल पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि त्याच क्षणी या पाच जणांकडे लक्ष ठेवा. ते मागे सरकून, हात पुढे करून, अर्धगोल भिंत करायला लागले तर पास येतोय. ते एकदम पुढे घुसले तर बॉल हातात घेऊन कुणीतरी पळणार आहे. याला कारण आहे, बॉल पुढे फेकायचा असेल तर या माणसांना तीन यार्डांच्या पुढे जायची परवानगीच नाही, त्यामुळे ते उगाच धावत सुटू शकत नाहीत. हुशार टीम्स इथेही फसवतात, आधी रन दाखवून मग फेकतात, पण दहापैकी सात-आठ वेळा तुमचा अंदाज बरोबर येईल आणि आजूबाजूचे अमेरिकन लोक तुमच्याकडे कौतुकाने बघतील.

लाइनच्या मागे उभा तो क्वार्टरबॅक, सगळं त्याच्या डोक्यावर. त्याच्या बाजूला रनिंग बॅक, दोन्ही कडांना वाइड रिसीव्हर, ते लांब पळून पास पकडतात. समोर डिफेन्स, पुढे लाइन, मध्ये लाइनबॅकर, मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. एवढं पुरे, बाकीची नावं हळूहळू कानावर पडतील.

एक गंमत बघा, हा पुढे फेकलेला पास सुरुवातीला नियमात बसतच नव्हता. पहिली कॉलेज मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली, रटगर्स ६-४ जिंकलं, पण तो खेळ आजच्या सॉकरच्या जास्त जवळ होता. नंतर खेळ इतका राक्षसी झाला, माणसांच्या भिंती एकमेकांवर आदळून पोरं मरायला लागली, की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतलं. १९०६ मध्ये पुढे पास करायला परवानगी मिळाली, खेळ मोकळा झाला. आज आपण बघतो ती सगळी सुंदरता त्या बदलातून आलीये असं मला वाटतं.

पॉइंट आणि डोक्यातलं गणित

एंड झोनमध्ये बॉल गेला की टचडाउन, ६ पॉइंट. त्यानंतर एक बोनस संधी, किक मारली तर १, किंवा तीन यार्डांवरून परत बॉल आत नेला तर २. नुसती किक, फील्ड गोल, ३ पॉइंट. आपल्याच एंड झोनमध्ये बॉलवाला पकडला गेला तर सेफ्टी (मागे उभा असतो तो खेळाडू वेगळा, नाव तेच), समोरच्यांना २ पॉइंट आणि वर बॉलही त्यांना. म्हणून ८ पॉइंटपर्यंतची आघाडी ही एका फटक्यात भरून निघणारी आघाडी, ९ झाली की दोनदा स्कोअर करावा लागतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये लोक ८ आणि ९ वरून इतके का घाबरतात ते यातून कळेल.

किक किती लांब आहे ते काढायचं असेल तर बॉल ज्या यार्डवर आहे त्यात १७ मिळवा, कारण गोलपोस्ट एंड झोनच्या मागच्या कडेला, म्हणजे एंड झोन सुरू होतो तिथून दहा यार्डांवर, आणि किकर साधारण सात यार्ड मागून मारतो. बॉल समोरच्यांच्या ३० वर असेल तर ४७ यार्डांची किक. कॉलेजच्या मुलांसाठी ती सोपी नाही, वाऱ्यात तर अजिबातच नाही.

घड्याळ १५ मिनिटांच्या चार क्वार्टरचं, पण प्रत्यक्षात साडेतीन तास धरा. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. २०२३ पासून नियम बदलला, फर्स्ट डाउनला घड्याळ आता फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं, आणि २०२४ पासून दोन मिनिटं उरली की आपोआप एक टाइमआउट होतो.

पिवळं फडकं मैदानात पडलं की फाउल. स्नॅपच्या आधी हललं तर ५ यार्ड मागे, बॉल असलेल्या टीममधल्या कुणी समोरच्याला धरून ठेवलं तर १०, पास पकडणाऱ्याला बॉल यायच्या आधी अडवलं तर जास्तीत जास्त १५ आणि वर फर्स्ट डाउन. एक फाउल मी जरा गंभीरपणे घेते, टार्गेटिंग. डोक्याने डोक्यावर मारलं की खेळाडू मॅचमधून बाहेर, आणि दुसऱ्या हाफमध्ये केलं तर पुढच्या मॅचचा पहिला हाफही बाहेर. आजूबाजूचे लोक आपल्या खेळाडूला काढलं म्हणून ओरडतील, पण ही विशीतली पोरं आहेत, त्यांच्या मेंदूचा प्रश्न आहे, हा नियम हवाच.

टीव्हीवर एनएफएल, म्हणजे व्यावसायिक टीम्सची लीग, बघून आला असाल तर दोन फरक लक्षात ठेवा. कॉलेजमध्ये पास पकडताना एकच पाय आत पडला तरी चालतं, तिथे दोन लागतात. आणि कॉलेजमध्ये बॉलवाल्याचा गुडघा टेकला की ते डाउन तिथेच संपलं, कुणी हात लावलेला नसला तरी.

बरोबरी झाली तर ओव्हरटाइम, आणि तो कॉलेजचा सगळ्यात भारी भाग. दोघांनाही समोरच्यांच्या २५ यार्डांवरून एकेक संधी. दुसऱ्या ओव्हरटाइमला टचडाउननंतर २ पॉइंटचा प्रयत्न करावाच लागतो, तिसऱ्यापासून नुसते २ पॉइंटचेच प्रयत्न, एकदा तुम्ही एकदा आम्ही. २०२१ मध्ये इलिनॉय आणि पेन स्टेटची मॅच अशी नऊ ओव्हरटाइम चालली आणि इलिनॉय २०-१८ ने जिंकलं.

मॅचच्या दिवशी

बॅग घेऊन जाऊ नका. काही स्टेडियममध्ये बॅग अजिबात चालत नाही, बऱ्याच ठिकाणी फक्त पारदर्शक, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची. माझ्या एका मैत्रिणीच्या आई साधी खांद्याची पर्स घेऊन आल्या होत्या, गेटवरून परत पाठवलं, गाडी दोन किलोमीटरवर, पहिला क्वार्टर संपेपर्यंत त्या बिचाऱ्या चालतच होत्या. औषधं, बाळाचं सामान वगैरे असेल तर त्या स्टेडियमच्या साइटवर आधी वाचा.

कपडे थरांवर थर घाला. बाक अ‍ॅल्युमिनियमचे, नोव्हेंबरमध्ये बर्फाच्या लादीवर बसल्यासारखं होतं, घरातली जाड चादर घडी करून खाली घ्या, दोन मोजे घाला. पावसात छत्री चालत नाही, पोंचो घ्या. वीज कडाडली तर मॅच थांबते आणि शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं मोजतात, तेव्हा घरी पळू नका, आडोशाला थांबा.

मॅचच्या तीन-चार तास आधी टेलगेट. गाडीचं मागचं दार उघडून तिथेच ग्रिल, खुर्च्या, बोर्डाच्या भोकात छोट्या पिशव्या टाकायचा खेळ. अनोळखी माणूसही प्लेट हातात देतो, लाजू नका. शाकाहारी असाल तर स्वतःचं न्या, आणि ग्रिलवर आपलं आधी फॉइल टाका, कुणाला वाईट वाटत नाही. आम्ही पनीरचे तुकडे आणि मक्याची कणसं नेतो, कणसावर लिंबू-तिखट-मीठ लावून शेजारच्या गाडीवाल्यांना दिलं होतं, पुढच्या होम मॅचला ते शोधत आले. वडापाव नेणार असाल तर वडे घरून तळून फॉइलमध्ये, पाव आणि चटणी वेगळी, नाहीतर सगळं ओलं होतं.

मिशिगन स्टेडियम बाहेरून बघितलं तर तुम्ही म्हणाल एवढंच? कारण त्याचा बराच भाग जमिनीच्या खाली आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवरून आत शिरता आणि एकदम पायाखाली तो कटोरा उघडतो, १,०७,६०१ माणसांची जागा. मला आजही तिथे दोन सेकंद थांबायला होतं. किकऑफच्या निदान ४५ मिनिटं आधी आत जा, कारण बँड मैदानात येतो ते चुकवायचं नसतं. हाफटाइम २० मिनिटांचा, तो बँडचा असतो, तेव्हा खायच्या रांगेत उभे राहू नका, दुसरा क्वार्टर चालू असताना जाऊन या.

स्टुडंट सेक्शनमध्ये पूर्ण मॅच उभं राहतात, आईबाबांना घेऊन जात असाल तर तिथलं तिकीट काढू नका. आरडाओरड्याचा नियम उलटा वाटेल, आपल्या टीमकडे बॉल असताना शांत राहायचं, कारण क्वार्टरबॅकच्या सूचना बाकीच्यांना ऐकू यायला हव्यात. समोरच्यांकडे बॉल असताना, विशेषतः तिसऱ्या डाउनला, घसा फुटेपर्यंत ओरडायचं.

दुसऱ्या गावाला जायची संधी मिळाली तर आयोवा सिटीला जा. तिथे स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे, आणि २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, दोन्ही टीम्ससकट, वळून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांकडे हात हलवतं. खिडकीतून ती आजारी मुलं हात हलवतात.

सीझन फॉलो करायचा असेल तर

देशाचा विजेता आता १२ टीम्सच्या प्लेऑफमधून, म्हणजे बाद फेरीतून ठरतो, २०२४ च्या सीझनपासून, आधी चारच असायच्या. त्यामुळे एक मॅच हरली म्हणजे संपलं असं राहिलं नाही. त्याच वर्षी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलं आणि तरी २० जानेवारी २०२५ ला नोटर डेम युनिव्हर्सिटीला ३४-२३ हरवून विजेतं झालं. खेळाडू आता पैसेही मिळवतात, २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि २०२५ पासून युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते. जुने लोक यावर नाराज आहेत. मला ते योग्य वाटतं, इतकी वर्षं लाखभर तिकिटं या मुलांच्या जिवावरच विकली जात होती.

घरच्यांना भारतातून बघायचं असेल तर दुपारी १२ ची मॅच त्यांच्याकडे रात्री साडेनऊला सुरू होते, साडेतीनची रात्री एकला, साडेसातची रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ मागे जातं, मग तिकडे सगळं एक तास उशिरा, हे त्यांना आधी कळवून ठेवा.